बिघडत चाललेल्या बाह्य हार्ड डिस्कमधून ध्वनिमुद्रणे कशी वाचवावीत?

ताई, आपण कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. पारोळा तालुक्यातील गावांतून आपण मिळवलेली कानबाई या लोकदेवीची अहिराणी गाणी, जात्यावरच्या ओव्या आणि तिच्या रोटांच्या, म्हणजे सणाच्या, वेळची छायाचित्रे १ टेराबाइटच्या एका लहान बाह्य हार्ड डिस्कवर आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. फाइली उतरवणे चालू असताना वीज गेली आणि संगणक बंद पडला. तेव्हापासून डिस्क जोडल्यावर ती बऱ्याच उशिराने दिसते, काही फोल्डर उघडतात, काही उघडताना संगणक अडकून बसतो, आणि मधूनच ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. एकाने चेकडिस्क हे विंडोजमधील डिस्क तपासण्याचे साधन चालवायला सांगितले, दुसऱ्याने डिस्क रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायला सांगितले, तिसऱ्याने ती दुकानात उघडून दुरुस्त करून देण्याची तयारी दाखवली. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की, यांपैकी एकाचेही ऐकू नये. बिघडत चाललेली डिस्क आधी दुरुस्त करायची नसते. ती वाचता येते आहे तोवर तिच्यावरील प्रत्येक सेक्टर, म्हणजे साठवणीचा प्रत्येक लहान कप्पा, एकदा दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरवून घ्यायचा असतो, आणि पुढचे सगळे प्रयत्न त्या प्रतीवर करायचे असतात. जीर्ण पोथी हाती आली की जाणता अभ्यासक ती पुन्हा पुन्हा चाळत बसत नाही, एकदाच काळजीपूर्वक प्रत करून घेतो आणि पुढचा अभ्यास प्रतीवर करतो, तसेच हे आहे. ज्या बायांनी ही गाणी म्हटली त्यांतल्या काही आता हयात नाहीत, असे आपण लिहिले आहे. ती मुद्रणे पुन्हा करता येणार नाहीत, म्हणून मी प्रत्येक पायरीची कारणेही सविस्तर देतो.

आजपासून ती डिस्क सहज म्हणून एकदाही जोडू नका. ‘आज उघडते का पाहू’ असे म्हणून जोडलेली डिस्क विंडोज स्वतःहून चाळायला लागते. फाइलींची सूची बनवणे, छायाचित्रांची छोटी चित्रे तयार करणे, विषाणूंची तपासणी करणे ही कामे आपण काहीही न करता मागे चालू होतात, आणि नेमक्या खराब जागांवर डिस्कचे वाचणारे शीर्ष, म्हणजे हेड, पुन्हा पुन्हा जाऊन अडते. फॉरमॅटचा संदेश आल्यास तो रद्द करा. झटपट फॉरमॅटने सगळा मजकूर पुसला जात नाही हे खरे असले, तरी फाइलींची नवी कोरी सूची जुन्या सूचीच्या जागी लिहिली जाण्याचा धोका असतो आणि पुढचे काम विनाकारण अवघड होते.

चेकडिस्कविषयी थोडे विस्ताराने सांगावे लागेल, कारण हा सल्ला सद्भावनेने दिला जातो आणि त्यातूनच मोठे नुकसान होते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलचे नाव, आकार आणि तिचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत याची नोंद एका मुख्य कोष्टकात असते. चेकडिस्कचे काम हे कोष्टक सुसंगत राखणे एवढेच आहे. आपल्या फाइली वाचवणे हे त्याचे काम नाही. एखादी नोंद वाचता आली नाही, तर तो ती नोंद चुकीची ठरवून काढून टाकतो आणि निराधार झालेले तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात निनावी करून ठेवतो. निरोगी डिस्कवर हे योग्यच आहे. पण डिस्कलाच नीट वाचता येत नसेल, तर आज न वाचली गेलेली पण उद्या तिसऱ्या प्रयत्नात वाचली गेली असती अशी नोंदही त्यात कायमची जाते. शिवाय हे सगळे लेखन त्याच आजारी डिस्कवर होते. आपण चेकडिस्क अजून चालवले नसेल तर उत्तम, आणि चालवून मध्येच थांबवले असेल तर पुन्हा चालवू नका.

फ्रीजचा उपाय पूर्णपणे सोडून द्या. थंड डिस्क बाहेर काढताच हवेतील ओल तिच्यावर आणि तिच्या सर्किटवर धरते, आणि त्यानंतर ती चालू करणे म्हणजे नवा बिघाड ओढवून घेणे आहे. डिस्क उघडण्याबाबत एवढेच सांगतो की, चालू डिस्कमध्ये हेड फिरत्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते, आणि डोळ्यांना न दिसणारा धुळीचा एक मायक्रोमीटरचा कणही १,००० नॅनोमीटरचा असतो. पंख्याखाली, टेबलावर उघडलेली डिस्क काही क्षण चाललीच, तरी ती धूळ तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडू शकते. थर खरवडला गेला की तिथला मजकूर जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेला परत आणता येत नाही.

आता डिस्क शेवटची जोडली तेव्हाचा आवाज आठवून पाहा. फिरण्याचा मंद, सलग आवाज येत असेल आणि मधूनच एखादी हलकी खरखर होत असेल, तर घरी प्रत काढण्याचा प्रयत्न करण्यास हरकत नाही. ठरावीक अंतराने ‘टक्‌-टक्‌’ असा आवाज येऊन डिस्क थांबत असेल, तर हेडमध्ये बिघाड असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी ती लगेच काढावी आणि पुन्हा चालू करू नये. फिरण्याचा आवाज न येता नुसता बारीक ‘बीप’ येत असेल, तर मोटर अडकली आहे, हेड तबकडीला चिकटले आहे किंवा डिस्कला पुरेसा वीजपुरवठा होत नाही, यांपैकी काहीतरी घडले आहे. यांपैकी वीजपुरवठ्याची शंका घरी तपासता येते. अडीच इंची बाह्य डिस्क आपली वीज यूएसबीतूनच घेते, आणि यूएसबी २.० च्या जोडणीतून ५०० तर ३.० च्या जोडणीतून ९०० मिलिअँपिअर वीज मिळणे अपेक्षित असते. लांब केबल, समोरचे ढिले पोर्ट किंवा स्वतंत्र अडॅप्टर नसलेला हब यांमुळे ती कमी पडते. डिस्कच्या बाजूची रुंद, चपटी पिन वापराने सैल होते हेही मी वारंवार पाहतो. म्हणून दुसरी आखूड, चांगली केबल घेऊन डिस्क एकदा, फक्त एकदा, संगणकाच्या थेट पोर्टला जोडून पाहावी. केबल बदलल्याने सगळे सुरळीत झाले, तर तो आनंद बाजूला ठेवून त्याच बैठकीत प्रत काढायला घ्यावी.

त्या एका जोडणीतच डिस्कची स्वतःविषयीची नोंद पाहून घ्या. प्रत्येक हार्ड डिस्क ‘स्मार्ट’ नावाची आरोग्यनोंद ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनात ती मिनिटभरात दिसते. त्यात तीन ओळी महत्त्वाच्या आहेत. ०५ या क्रमांकाची ओळ बदली केलेले सेक्टर दाखवते, सी५ ही ओळ वाचता न आलेले आणि निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर दाखवते, आणि सी६ ही ओळ तपासणीतही न सुधारलेले सेक्टर दाखवते. या साधनातील मूळ आकडे सहसा षोडशमान पद्धतीत असतात, त्यामुळे तिथे दिसणारा ‘१०’ हा प्रत्यक्षात १६ असतो, हे लक्षात ठेवा. आपल्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. लिहिणे चालू असताना वीज गेली की अर्धवट लिहिलेला सेक्टरही सी५ मध्ये मोजला जाऊ शकतो, त्यामुळे तिथे लहान आकडा दिसला म्हणजे डिस्क मरणपंथाला लागली असे लगेच ठरत नाही. मात्र तो आकडा दर जोडणीला वाढत असेल, तर हातात वेळ थोडा आहे. साधनाने ‘चांगली’ असा शेरा दिला तरी त्यावर विसंबू नका, कारण हेडचे कित्येक बिघाड या नोंदीत आधी उमटतच नाहीत.

यानंतर मुख्य काम येते. त्यासाठी किमान २ टेराबाइटची नवी डिस्क घ्या. १ टेराबाइटची संपूर्ण प्रत तेवढीच जागा घेते, आणि त्या प्रतीतून काढलेल्या फाइलींनाही जागा लागते. नवी डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने तयार केलेली असावी, कारण फॅट३२ मध्ये ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि आपली प्रत ही एकच अवाढव्य फाइल असणार आहे. काम लॅपटॉपवर करा. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि दोन्ही डिस्क यूएसबीतून वीज घेत असल्यामुळे लॅपटॉपची बॅटरी त्यांनाही सांभाळते. लॅपटॉप झोपी जाण्याची सोय आधी बंद करून ठेवा.

विंडोजमध्ये नेहमीसारखे कॉपी-पेस्ट करून हे काम करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. कॉपी करताना विंडोज पहिल्या खराब जागेशी अडते, तीच जागा पुन्हा पुन्हा वाचते आणि शेवटी सगळे थांबवते. तेवढ्या वेळात डिस्कचे चांगले भाग न वाचताच राहतात. डीडीरेस्क्यू हे ग्नू प्रकल्पातील मुक्त साधन याच्या नेमके उलटे वागते. ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उतरवून घेते, अडचणीची जागा लागली की ती नोंदवून पुढे उडी मारते, आणि सगळे सोपे भाग हाती आल्यावरच अवघड जागांकडे वळते. उतरवलेले काय आणि राहिलेले काय याचा नकाशा ते एका छोट्या फाइलीत लिहीत जाते, त्यामुळे काम कितीही वेळा थांबले तरी पुढच्या वेळी तिथूनच सुरू होते. सिस्टमरेस्क्यू हा लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मुक्त संगणक प्रणालीचा, संच पेन ड्राइव्हवर घेऊन त्यातून लॅपटॉप सुरू केला, की हे साधन त्यात तयारच असते. उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या संचात ते स्वतंत्रपणे घ्यावे लागते आणि तिथे त्या पॅकेजचे नाव जीडीडीरेस्क्यू असे आहे. आदेशात आधी बिघडलेली डिस्क, मग प्रतीची फाइल आणि शेवटी नकाशाची फाइल अशी तीन नावे याच क्रमाने द्यायची असतात. पहिल्या फेरीत ‘डी’ आणि ‘एन’ (-d आणि -n) हे छोट्या लिपीतले दोन पर्याय जोडावेत. पहिल्याने डिस्क थेट वाचली जाते आणि दुसऱ्याने खराब जागा खरवडत बसण्याचे काम पुढे ढकलले जाते.

इथे दोन ठिकाणी फार जपावे लागते. लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे मिळतात आणि डिस्क काढून पुन्हा जोडली की ती बदलू शकतात. आजारी डिस्क आणि नवी डिस्क यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क आपल्या गाण्यांवर लिहिली जाईल. म्हणून आदेश देण्यापूर्वी डिस्कची कंपनी, क्षमता आणि अनुक्रमांक पडद्यावर पाहून घ्या आणि शक्य असेल तर शेजारी दुसऱ्या माणसाला बसवून त्याच्याकडूनही तपासून घ्या. दुसरी गोष्ट अशी की, पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सची स्वतःची जागा संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते आणि संगणक बंद होताच ती पुसली जाते. नकाशाची फाइल तिथे ठेवली तर सगळ्या कामाचा माग हरवेल, त्यामुळे ती प्रतीच्या शेजारी नव्या डिस्कवरच ठेवावी.

निरोगी डिस्क सेकंदाला सुमारे १०० मेगाबाइटने वाचली गेली, तर १ टेराबाइटला तीन तासांच्या आत वेळ लागतो. आजारी डिस्कला कित्येक तास, प्रसंगी काही दिवसही लागतात, आणि वेग शून्यावर येऊन पुन्हा वाढणे यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र त्रुटींचा आकडा एकाएकी झपाट्याने वाढू लागला, तर बहुतेक वेळा त्या जागा खरोखर खराब नसतात, डिस्कने संगणकाशी संपर्क सोडलेला असतो. लगेच काम थांबवा, डिस्क काढा, थोडी थंड होऊ द्या आणि त्याच नकाशाने पुढे चालू करा. हेडने ‘टक्‌-टक्‌’ सुरू केले, तर मात्र तिथेच थांबा. पहिली फेरी पूर्ण झाल्यावर ‘एन’ हा पर्याय काढून दुसरी फेरी करावी, आणि त्यानंतर तीन पुनर्प्रयत्नांची एक फेरी पुरे होते. उलट्या दिशेने, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायला लावले, तर काही अडलेल्या जागा मिळून जातात, असाही अनुभव आहे.

चैत्र-वैशाखात हे काम करावे लागले तर आपल्या भागातील उन्हाचा विचार करावाच लागेल. जळगाव-भुसावळकडे बाहेर पारा ४४-४५ अंशांवर जातो, घरातली हवाही तापलेली असते, आणि सलग वाचन चालू असलेली डिस्क खोलीच्या तापमानापेक्षा बरीच वर जाते. प्रत्येक डिस्कला कामाच्या तापमानाची कमाल मर्यादा असते. म्हणून काम रात्री किंवा पहाटे लावा, डिस्क लाकडी टेबलावर सपाट ठेवा, तिच्यावरचे कापडी कव्हर काढा आणि टेबल फॅनचा वारा येऊ द्या. पाण्याच्या कूलरचा झोत मात्र डिस्कवर थेट घेऊ नका, कारण त्यात ओल असते. काम चालू असताना डिस्क उचलणे, उलटी करणे किंवा केबल हलवणे कटाक्षाने टाळा.

प्रत हाती आली की मूळ डिस्क काढून, नाव लिहून कपाटात ठेवून द्या. प्रतीमध्ये फाइल-व्यवस्था शाबूत असेल, तर टेस्टडिस्क या मोफत साधनाने फोल्डर आणि फाइली मूळ नावांसह दिसतात आणि त्या बाहेर काढता येतात. मुख्य कोष्टक फारच तुटलेले असेल, तर त्याच संचातील फोटोरेक वापरावे. ते कोष्टकाकडे न पाहता प्रत्येक फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून तिचा प्रकार ओळखते. त्याने फाइली बऱ्याच मिळतात, पण नावे आणि फोल्डरांची रचना हरवते, आणि तुकड्यातुकड्यांत साठवलेल्या मोठ्या फाइली अर्धवट निघतात. त्यामुळे ते आधी नव्हे, नंतर वापरायचे साधन आहे. नावे हरवली तरी निराश होऊ नका. हाती धरायच्या कित्येक रेकॉर्डरांत वेव्ह फाइलीच्या आतच मुद्रणाची तारीख आणि वेळ लिहिलेली असते, कॅमेऱ्याच्या जेपेग फाइलीतही ती असते, आणि आपल्या वहीतील गावांच्या तारखांशी ताडून कोणते गाणे कुठले हे बहुतांशी लावता येईल.

आपल्यासाठी दिलाशाची गोष्ट ही आहे की, आपली मुद्रणे वेव्ह स्वरूपात आहेत. हा प्रकार संकुचित केलेला नसतो. सीडीच्या दर्जाच्या दोन वाहिन्यांच्या मुद्रणाला सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात, आणि आजच्या डिस्कचा एक भौतिक सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो. म्हणजे एक सेक्टर पूर्ण गेला तरी गाण्यातला सुमारे २३ मिलिसेकंदांचा भाग जातो. तिथे एक ‘टक्‌’ किंवा क्षणभर शांतता ऐकू येईल, पण पुढची ओवी तशीच राहील. जेपेगमध्ये मात्र जिथे खंड पडतो तिथून खालचे चित्र बहुधा बिघडते, आणि एमपी४ चित्रफितीची आतली सूची गेली तर ती उघडतच नाही. त्यामुळे प्रतीत थोडी भोके राहिली तरी गाण्यांच्या बाबतीत आपण सुदैवी ठराल, असे मला वाटते.

याच वेळी दुसऱ्या वाटाही बंद करू नका. रेकॉर्डरमधील आणि कॅमेऱ्यातील जुनी मेमरी कार्डे शोधा आणि त्यांवर आता एकही नवे मुद्रण करू नका. कार्डावरून फाइली पुसल्या असल्या तरी त्यांच्या जागी नवे काही लिहिले गेले नसेल, तर फोटोरेक त्या परत आणू शकते. ज्यांना आपण गाणी पाठवली होती त्या सगळ्यांकडे, त्यांच्या जुन्या मोबाइलसह, विचारणा करा. मी पाहिले आहे की डिस्कच्या मागे लागलेली माणसे हा साधा मार्ग विसरतात.

प्रयोगशाळेकडे केव्हा जावे, हा निर्णय आवाजावर आणि मुद्रणांच्या मोलावर घ्यावा. टकटक, मोटर न फिरणे, पडल्यानंतरचा बिघाड किंवा पहिल्याच फेरीत डिस्क सारखी सुटणे, यांपैकी काही असेल तर घरचा प्रयत्न थांबवून पुण्या-मुंबईकडील खऱ्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडे जावे. हेड बदलायचे तर तशाच मॉडेलची दुसरी डिस्क आणि धूळविरहित कक्ष लागतो, आणि हे काम मोबाइल किंवा संगणक दुरुस्तीच्या नेहमीच्या दुकानात होत नाही. नुसते सर्किट बदलून पाहण्याचा उपायही सहसा फसतो, कारण त्या डिस्कपुरती मोजमापे सर्किटवरील एका चिपमध्ये असतात आणि ती चिप नव्या सर्किटवर न्यावी लागते. काही कंपन्यांच्या बाह्य डिस्कमध्ये यूएसबीचे सर्किटच माहिती सांकेतिक करून लिहिते, त्यामुळे आतली डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घातली तरी काही दिसत नाही. प्रयोगशाळेला आधीच विचारा की, आपण प्रथम संपूर्ण प्रत काढता का, पैसे घेण्यापूर्वी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवता का, फाइली न मिळाल्यास किती पैसे घेता, आणि डिस्क सर्व भागांसह परत देता का. याची लेखी उत्तरे न देणाऱ्याकडे डिस्क देऊ नका. डिस्क जाड फेसाच्या वेष्टनात घालून जमल्यास स्वतः घेऊन जा.

फाइली निघाल्यावर त्यांची संख्या पाहून समाधान मानू नका, कारण फाइल दिसते आणि तिच्या आत भोक असते असे घडते. डीडीरेस्क्यूमध्ये न वाचल्या गेलेल्या जागा एखाद्या खुणेच्या शब्दाने भरण्याची सोय आहे. मूळ प्रत तशीच ठेवून तिच्या दुसऱ्या प्रतीवर हे केले आणि तो शब्द फाइलींमध्ये शोधला, की नेमक्या कोणत्या फाइली बाधित आहेत त्याची यादी मिळते. त्या फाइली उघडून ऐका. बाधित जागा दोन गाण्यांमधल्या गप्पांत असतील तर विषय मिटला. पण एखाद्या बाईचे एकमेव गाणे त्यात सापडले असेल, तर तेवढ्यासाठी प्रयोगशाळेचा खर्च करायचा की नाही हे आपण ठरवू शकाल, आणि त्यासाठी मूळ डिस्क व नकाशाची फाइल दोन्ही लागतील. म्हणून बाकीच्या फाइलींच्या दोन स्वतंत्र प्रती, शक्यतो दोन वेगळ्या घरांत, तयार होईपर्यंत आणि ही यादी पूर्ण ऐकून होईपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करू नका, वॉरंटीत बदलूनही घेऊ नका.